एक पातेलं आणि तीन सिद्धाराम

माजलगाव, मोंढ्याच्या मागं.
दसऱ्याला चार दिवस कमी, सन १९९५.

तीर्थस्वरूप धोंडप्पा मामा यांच्या पायांवर डोकं ठेवून सिद्धारामचे शरणार्थ.

पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं मोकळेपणानं लिहिता येईल. तुमचं कार्ड पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. तेव्हापासून मी तीन आंतरदेशीय पत्रं विकत आणली. पहिल्यावर तुमचा पत्ता लिहून झालता, तेवढ्यात चाँद मिस्त्रीनं गाडी कावून बंद पडते हे मला समजावून सांगायला त्याच्यावरच कार्बोरेटर काढला (चित्र सुरेख आलंय, फेकवत नाही). दुसरं मी एसटी स्टँडवर लिहायला घेतलं, तर शेजारचा म्हातारा म्हणाला, बाबा, माझ्या भावाला दोन ओळी लिहून दे, म्हैस व्याली म्हणून. दोन ओळींत म्हैस मावली नाही. तिसरं कोरंच राहिलं, कारण तोवर तुमच्या कार्डातली शेवटची ओळ मला पाठ झालती आणि हात चालेना. शेवटी आज हॉटेलातल्या अभिप्राय वहीची मागची कोरी पानं फाडून लिहितोय. (ही वही काय आहे ते पुढं येईल. सगळं तिच्यामुळंच झालं.)

तुमची तब्येत बरी असेल. दुकानातला काटा दुरुस्त झाला असेल. शिवकन्या मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? त्यांना सांगा, इथल्या गीताबाई नर्स म्हणतात की एरंडाचं पान बांधा, पण गरम करून. घरात सगळे लहानथोर खुशाल असतील. थोरांचं विचारून झालं. लहानांमध्ये एकच व्यक्ती आहे आणि तिचं डी.एड.चं दुसरं वर्ष चालू आहे एवढं मला माहीत आहे. जास्त विचारत नाही. तुमचीच मनाई आहे.

एक विनंती, पुढच्या वेळेला असला मजकूर उघड्या कार्डावर लिहू नका. पोस्टमननं ते वाटेत वाचलं, त्यानं मोंढ्यात सांगितलं, आणि मला मिळायच्या आधी सगळ्या आडतींना ठाऊक झालतं की धर्मापुरीच्या मामांनी विचारलंय: 'सुग्रीवने चौकशी केली. त्याचे म्हणणे, माजलगावात सिद्धाराम नावाची तीन पोरे असावीत. त्यातला तू कोणता, ते कळव. दसऱ्याच्या आत उत्तर न आल्यास लातूरच्या केबलवाल्यांना होकार देतो.' यावर मोंढ्यात मतं पडली, मामा. हमालांचं मत वेगळं, बँकेचं वेगळं. माझं मत कुणी विचारलं नाही.

तर ती तीन पोरं कोण, हे समजायला पातेलं समजावं लागतं.

नीलम्माकाकूंच्या नाष्ट्याच्या हॉटेलात रोज एकच पातेलं चढतं. पहाटे पाचला मटकी, येसराचा मसाला आणि काळं तिखट घालून रस्सा ठेवतात, आणि तो सुशीलावर ओतून देतात. (सुशीलाचं तुम्हाला सांगायला नको, भिजवलेल्या मुरमुऱ्यांवर मामींइतका हात कुणाचा बसत नाही. काकूंचा बसतो, पण हे मामींना वाचून दाखवू नका.) काकूंचे मालक वारले त्याला अकरा वर्षं झाली. जाताना ते दोन गोष्टी सांगून गेले: दारातनं कुणाला उपाशी परत लावायचं नाही, आणि दुसरं पातेलं चढवायचं नाही. पहिल्यानं दासोह होतो, म्हणजे अन्नदान, दुसऱ्यानं धंदा, असं त्यांचं म्हणणं. काकू दोन्ही पाळतात. आता तुम्ही दुकानदार आहात, तुमच्या लक्षात आलंच असेल. माणसं वाढली की पातेल्यात काय वाढवायचं? पाणी. दर दहा ताटांमागं एक तांब्या.

म्हणजे सहाला येणाऱ्या हमालाला जो रस्सा मिळतो, त्यात पळी उभी राहते आणि खाणाऱ्याच्या कानातनं वाफ निघते. साडेआठला तोच रस्सा असा लागतो की मिस्त्री, मास्तर, एसटीचे ड्रायव्हर ताट पुसून खातात. आणि अकराला बँकेची माणसं, धरणाच्या कॉलनीतल्या बाया येतात, तेव्हा ताटाचा तळ दिसतो आणि तळावर कोरलेलं काकूंच्या मालकांचं नाव वाचता येतं. नाव एकच, पातेलं एकच. पण सहाची माणसं अकराच्या माणसांना कधी भेटत नाहीत, त्यामुळं अकरा वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं मी.

मी इथं कसा टिकलो हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. शिवरात्रीला परळीत तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात की भाच्याचा मामाच्या पोरीवर हक्क असतो हे खरं, पण तुझा पाय एका जागी वर्षभर टिकला तर, या शिवरात्रीपासून त्या शिवरात्रीपर्यंत. (तुमच्या दुकानातनं मी उंट बघायला गेलतो आणि शटर उघडं राहिलतं, ते धरून बोललात हे मला समजलं. पण उंट दोन होते, मामा.) मी दुसऱ्याच दिवशी बीडला कामाला निघालो. गाडी माजलगावात थांबली. धरणाचे दरवाजे उघडलेत असं कुणी म्हणालं म्हणून बघायला उतरलो. दरवाजे बंद होते, आणि परत येईस्तोवर गाडी माझ्या पिशवीसकट गेलती. दुपारी बारा वाजता भुकेनं काकूंच्या बाकावर बसलो. त्यांनी जे वाढलं तसला पातळ रस्सा मी जन्मात खाल्ला नव्हता. खाऊन झाल्यावर बघतो तर काकू पातेल्यात पाणी घालून, खळबळून, तेच पिऊन बसल्या. नेम असा की शेवटचा माणूस जेवल्यावर त्या जेवणार, आणि शेवटचा माणूस त्या दिवशी मी निघालो. पातेलं घासायला घेतलं. दुसऱ्या दिवशीही घासलं. आता साडेसात महिने झाले.

आता वहीचं. सध्या देशात सगळं खुलं झालंय म्हणतात. आमच्या समोर पिवळ्या डब्यातला टेलिफोन आला, स्टँडजवळ छत्रीसारखी थाळी लावून केबल आली (केबलचं नाव काढलं की मला लातूर आठवतं, म्हणून तिकडं बघत नाही). एक औषध कंपनीचा फिरता माणूस मला म्हणाला की मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत न्याहारी आणि जेवण मिळून मधल्या वेळेला एकच खातात आणि वर अभिप्राय लिहून जातात. मी लगेच पाटी रंगवली: 'सकाळी ६ ते १० नाष्टा. १० ते १२ नाष्टा-कम-जेवण. आपला अनुभव वहीत लिहा.' मला वाटलं, चांगले चार अभिप्राय जमले की तुम्हाला पाठवता येतील, भाचा कामाला लागला याचा पुरावा म्हणून.

पहिला अभिप्राय सटवा हमालाचा. त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्यानं रश्श्यात अंगठा बुडवून उठवला. तो ठसा अजून पुसला गेला नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात खरा. चाँद मिस्त्रीनं लिहिलं, 'पिकअप चांगला, आवाज नाही.' गीताबाई रिटायर झाल्या तरी हात जुन्या वळणाचा, त्यांनी लिहिलं, 'रोज एकदा, अकरा वाजता, पित्तावर गुणकारी.' त्याखाली बँकेच्या कॅशियरनं, 'रस्सा व पिण्याचे पाणी एकाच ताटात देण्याची सोय उत्तम.' त्याखाली कुण्या हमालानं मुलाकडून लिहून घेतलं, 'खोटं. सहाला येऊन दाखव बे.' त्याखाली कॅशियर, 'शिक्षित माणसाला बे म्हणू नये.' पंधरा दिवसांत वही भरत आली आणि रश्श्यापेक्षा वहीच तिखट झाली. कधी न भेटलेली माणसं एकमेकांना खोटारडं म्हणायला लागली, आणि सगळी खरं बोलत होती. काकूंना वाचता येत नाही. त्या रोज विचारायच्या, 'काय लिवलंय रे?' मी म्हणायचो, 'सगळ्यांना आवडलं.' तेही खोटं नव्हतं.

इथवर थांबलो असतो तर बरं होतं. पण माझं डोकं रिकामं राहत नाही. मला वाटलं, यांना एकमेकांची वेळ दाखवली तर भांडण मिटेल. एका सोमवारी मी अकराच्या लोकांना सहाला बोलावलं आणि सहाच्या लोकांना अकराला. गीताबाईंनी सहाला दोन घास खाल्ले आणि त्यांना उचकी लागली ती साडेसातपर्यंत. आयुष्यभर दुसऱ्यांना औषध दिलेल्या बाईच्या तोंडात मी साखर घालत होतो. कॅशियरसाहेबांनी खाल्लं, चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला, आणि त्या दिवशी बँकेत कुणाच्याही फाटक्या नोटेला नाही म्हणाले नाहीत असं ऐकलं. इकडं सटवा अकराला आला. ताटात वाकून बघतो तर स्वतःचं तोंड दिसलं. अगदी हळू आवाजात म्हणाला, 'काकू, मी आजारी हाय का?' मग त्याला वाटलं, आपण नाही, काकू आजारी आहेत आणि आपल्यापासून लपवतात. त्यानं मोंढ्यात जाऊन सांगितलं. दुपारी चाळीस हमाल नारळ आणि मोसंब्या घेऊन काकूंना बघायला आले. काकूंनी सगळ्यांना बसवलं आणि पातेल्यात बघून माझ्याकडं जे बघितलं, ते मी विसरणार नाही.

नेमका त्याच आठवड्यात एक पांढऱ्या टोपीचा माणूस आला आणि पहाटे सहापासून बाराच्या ठोक्यापर्यंत कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिला. तीनदा खाल्लं. मला वाटलं, वजनमापाचा साहेब असेल, म्हणून मी त्याला काही विचारलं नाही आणि तराजू झाकून ठेवला. ते तुमचे सुग्रीव मामा निघाले. मामींच्या माहेरकडचे, मी त्यांना लहानपणी एकदाच पाहिलतं, तेव्हा टोपी नव्हती.

त्यांनी सहाला सटव्याला विचारलं, पोरगं कसं हाय. सटवा म्हणाला, 'लई कामाचं. तोंडातनं शब्द न्हाई. मुंगीसारखं राबतंय.' (सहाला मी झोपेतच असतो मामा. हात चालतात, बाकी मी घरी असतो.) साडेआठला चाँदला विचारलं. चाँद म्हणाला, 'लडका अच्छा है, पर बोलतो लई. उंटाची गोष्ट मला चार येळा सांगितली, चारी येळा उंट येगळा.' अकराला गीताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'तो? तो कुठं असतो अकराला? बाहेर उभा राहून गाड्यांच्या पाट्या वाचतो. जाईल एक दिवस.' सुग्रीव मामांनी तिन्ही नीट ऐकून घेतलं आणि तुम्हाला सांगितलं की पोरं तीन आहेत: एक कष्टाळू मुका, एक बडबड्या, एक पळपुटा. कोणत्या सिद्धारामला रोहिणी द्यायची ते आधी ठरवा.

मामा, मी पुष्कळ विचार केला की यातला पहिला मीच, बाकीचे दोन दुसऱ्या कुणाचे तरी भाचे, असं कळवावं. म्हणूनच दोन महिने लागले. पण काल पातेलं घासताना वाटलं, खोटं लिहून काय होणार, तिला रोज सहाही वाजणार आणि अकराही. तिन्ही मीच आहे. सकाळी दाट असतो, अकराला पातळ होतो. दहा माणसं भेटली की माझ्यात एक तांब्या पाणी पडतं. पण एक गोष्ट सुग्रीव मामांनी बघितली नाही, कारण ते बाराच्या ठोक्याला उठले. बारा वाजून दहा मिनिटांनी मी आत असतो. काकू आणि मी शेवटचं जे उरेल ते निम्मं निम्मं खातो. काकूंना आता पातेल्याचं पाणी पिऊन बसावं लागत नाही, कारण मी सव्वाअकरालाच एक वाटी काढून लपवून ठेवतो. हा नेमाचा भंग आहे, त्यांना माहीत नाही. त्या रोज म्हणतात, 'अगं बाई, आज कसं काय उरलं?'

लातूरचा पोरगा चांगला असेल. त्याच्याकडं सगळे च्यानल दिसत असतील. मी एवढंच म्हणतो की शिवरात्रीला साडेचार महिने आहेत, तेवढं थांबा. पाय टिकलाय. रोहिणीलाही एकदा विचारा, तिला तिघांतला कोणता चालेल. (विचारलं असेल आणि तिनं सांगितलं असेल, तर ते कार्डावर लिहू नका. पाकिटात लिहा.)

मामींना शरणार्थ. धर्मापुरीच्या देवळात माझ्या वाटचं एक बेलाचं पान वाहा. कमीजास्त लिहिलं असेल ते पोराचं म्हणून पोटात घाला.

तुमचा भाचा (तिन्ही),
सिद्धाराम

ता. क. एवढं लिहून झाल्यावर खरी विनंती राहिलीच. दुसऱ्या कुणाला पाठवू नका. तुम्ही स्वतः या, आणि तुमच्या तोंडानं ठरवा. पण मामा, साडेआठला या. सहाला येऊ नका, तुम्हाला मूळव्याधीचा त्रास आहे. अकराला तर बिलकुल येऊ नका. परळीची पहिली गाडी धरलीत की सव्वाआठला स्टँडवर उतरता. दुसरी गाडी धरू नका, ती पावणेअकराला येते.

ता. क. दुसरा. वर 'पाय टिकलाय' असं लिहिलंय, त्यात थोडी दुरुस्ती आहे. परवा सोमवारी अकराच्या सुमाराला दारात उभा होतो. नांदेडची गाडी निघत होती. कसा चढलो ते मलाही कळलं नाही. धरणाच्या फाट्यापर्यंत गेलो. कंडक्टर म्हणाला, 'ह्या पळीचं तिकीट काढायचं का?' बघतो तर हातात काकूंची पळी तशीच होती आणि तिच्यातनं रस्सा माझ्या पॅंटवर गळत होता. पळीशिवाय बारापर्यंतची माणसं उपाशी राहिली असती. उतरलो आणि चालत परत आलो. काकूंनी नुसता हात पुढं केला पळीसाठी. हे तुमच्या अटीत कुठं बसतं ते तुम्हीच बघा. मी लपवलं नाही एवढं धरा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला भात शोधत होतो, तेवढ्यात दारातून बघितलं. परळीची दुसरी गाडी लागली आणि तिच्यातनं तुम्ही उतरलात. हातात छत्री, काखेत मामींची पितळी डबी. दसरा तोंडावर आला तरी उत्तर नाही म्हणून तुम्ही स्वतःच निघालात, हे मला तुमच्या चालण्यावरनं कळलं. आत्ता अकराला दहा कमी आहेत. तुम्ही तीन नंबरच्या बाकावर पंख्याखाली बसलात आणि काकूंना म्हणालात, 'बाई, काय असल ते द्या. पोरगं कुटं हाय?' मी भट्टीच्या मागं आहे, मामा. गुडघ्यावर वही ठेवून हे लिहितोय. बाहेर यायला पाय उचलत नाहीत. काय गंमत बघा, जे पाय टिकत नाहीत म्हणून तुम्ही अट घातली, ते आज जागचे हलत नाहीत.

मी काकूंना हळूच सांगितलं की ते माझे मामा, आणि पातेल्यात आता काय आहे ते तुम्हालाच माहीत. काकूंनी पातेल्यात बघितलं. मग तुमच्याकडं बघितलं. मग उद्यासाठी भिजवून ठेवलेल्या मटकीवरचं फडकं काढलं आणि कोपऱ्यातलं दुसरं पातेलं खाली घेतलं. अकरा वर्षं ते पालथं होतं, आतून एक पाल निघाली. मी म्हणालो, 'काकू, नेम?' त्या म्हणाल्या, 'नेम गिऱ्हाइकाचा हाय. सोयऱ्याला कुटला नेम?' मी म्हणालो, अजून सोयरे झाले नाहीत. 'मंग खाऊन ठरू दे की. जा, तवर काय तरी वाचायला दे त्यांना, चाळीस मिंटं लागतील.'

हॉटेलात वाचायला दोनच गोष्टी आहेत. अभिप्राय वही तुम्हाला देणं बरं नाही. म्हणून हे पत्र काकूंच्या हातानं पाण्याच्या तांब्यासोबत पाठवतोय. दसऱ्याच्या आत उत्तर पोचलं याची नोंद घ्यावी. तुम्ही अक्षर लावत, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचता हे मला माहीत आहे, त्या हिशोबानं ते लांबवलंय. उंट, म्हैस, कार्बोरेटर गाळू नका, मटकी शिजायला तेवढा वेळ लागतोच.

इथवर आलात म्हणजे रस्सा झाला असेल. आता मान वर करा मामा. ताट घेऊन मीच उभा आहे. पहिला घास फुंकून घ्या.